साहाय्यक सामर्थ्याचे मूल्यमापन : पोकेमॉन क्रीडेतील 'इन्सिनरोअर'च्या विशेष संदर्भात

बीजशब्द : साहाय्यक पात्र, अष्टपैलुत्व, मूळ गुणांक, विनिमय, अवलंबन, स्पर्धात्मक क्रीडा.

प्रस्तावना

संगणकीय क्रीडांकडे मराठी समीक्षेने आजवर मुख्यतः मनोरंजनाचे साधन किंवा मुलांच्या वेळेच्या अपव्ययाचे कारण म्हणूनच पाहिले आहे. तथापि, ज्या क्रीडेत शेकडो पात्रे, त्यांचे परस्परसंबंध, त्यांच्या गुणदोषांची तुलना आणि 'श्रेष्ठ कोण' यावरचा अखंड वाद असतो, ती क्रीडा मूल्यमापनाच्या शास्त्राला एक स्वच्छ प्रयोगभूमी मिळवून देते. साहित्यकृतीतील पात्राचे सामर्थ्य मोजण्यास आकडे नसतात. येथे आकडे आहेत, आणि तरीही निर्णय अवघड राहतो. हा विरोधाभास प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जपानमधील गेम फ्रीक या संस्थेने निर्माण केलेला आणि निंटेंडो कंपनीने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला 'पोकेमॉन' हा खेळ आपल्याकडे प्रामुख्याने दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे परिचित झाला. मालिकेत एक प्राणी दुसऱ्या प्राण्याशी लढतो आणि बलवान जिंकतो. प्रत्यक्ष स्पर्धात्मक खेळ मात्र याहून पुष्कळ गुंतागुंतीचा आहे. २००९ पासून अधिकृत जागतिक स्पर्धेत हा खेळ 'जोडीची लढत' या स्वरूपात खेळला जातो. दोन्ही बाजूंचे प्रत्येकी दोन प्राणी एकाच वेळी मैदानात असतात. खेळाडू सहा प्राण्यांचा संघ बांधतो, प्रतिस्पर्ध्याचे सहा पाहून त्यांतील चार निवडतो आणि प्रत्येक प्राण्याला केवळ चारच चाली बरोबर नेता येतात. या रचनेमुळे स्वतः फारसा प्रहार न करता जोडीदाराला प्रहार करू देणाऱ्या प्राण्यांचा एक वर्ग निर्माण झाला. त्यास प्रस्तुत लेखात 'साहाय्यक पात्र' अशी संज्ञा वापरली आहे.

साहाय्यक पात्राचे सामर्थ्य कोणत्या निकषावर ठरवावे, हा येथील मुख्य प्रश्न होय. त्यासाठी 'इन्सिनरोअर' या प्राण्याचे उदाहरण सविस्तर घेतले असून 'पाचिरिसू' व 'स्मिअर्गल' या दोन प्राण्यांशी त्याची तुलना केली आहे. प्रचलित तीन निकष, म्हणजे गुणांकांची बेरीज, वापराची टक्केवारी आणि विजयाचे प्रमाण, हे साहाय्यक पात्राच्या बाबतीत अपुरे ठरतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. गुणांकांची बेरीज : पहिला निकष आणि त्याची मर्यादा

प्रत्येक पोकेमॉनला सहा मूळ गुणांक असतात : प्राणशक्ती, शारीरिक प्रहार, शारीरिक बचाव, विशेष प्रहार, विशेष बचाव आणि वेग. या सहांची बेरीज हा सामर्थ्याचा सर्वांत सोपा, म्हणूनच सर्वांत लोकप्रिय निकष. इन्सिनरोअरचे गुणांक अनुक्रमे ९५, ११५, ९०, ८०, ९० आणि ६० असून त्यांची बेरीज ५३० होते. गारचॉम्प किंवा थेरियन रूपातील लँडोरस यांची बेरीज ६०० आहे. आकड्यांवरून पाहता इन्सिनरोअर हा मध्यम प्रतीचा, संथ आणि बऱ्यापैकी दणकट असा प्राणी ठरतो. स्पर्धेच्या इतिहासात त्याने मिळवलेल्या स्थानाचा या वर्णनातून सुगावाही लागत नाही.

येथे एक घटना विशेष उद्बोधक आहे. इन्सिनरोअर २०१६ मध्ये 'सन' व 'मून' या आवृत्त्यांत प्रथम अवतरला. त्या वेळी त्याचा 'इंटिमिडेट' हा दुर्मीळ अंगभूत गुण खेळाडूंना उपलब्ध नव्हता. २०१७ च्या हंगामात त्याच भूमिकेसाठी अग्निप्रकारातील आर्कनाइन हा प्राणी वापरला जाई. आर्कनाइनची बेरीज ५५५, म्हणजे इन्सिनरोअरपेक्षा पंचवीसने अधिक. इंटिमिडेट हा गुण इन्सिनरोअरला २०१८ मध्ये लाभला आणि त्याच वर्षी तो स्पर्धेच्या केंद्रस्थानी आला. नॅशव्हिल येथील २०१८ च्या जागतिक स्पर्धेत विजेता ठरलेल्या इक्वेडोरच्या पॉल रुईझच्या संघात इन्सिनरोअर होता. त्या हंगामात खेळण्यास मुभा असलेल्या प्राण्यांची यादीही विस्तारली होती, त्यामुळे सारे श्रेय एकाच कारणाला देणे योग्य नव्हे. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. इन्सिनरोअरच्या सहाही गुणांकांत एका अंकाचाही फरक पडला नव्हता. तेच आकडे कायम राहून मोल मात्र आमूलाग्र बदलले. यावरून ते मोल आकड्यांत साठवलेले नव्हते, हे उघड होते.

याचे कारण साहाय्यक चालींच्या स्वरूपातच आहे. प्रहार करणाऱ्या चालीचा परिणाम करणाऱ्याच्या गुणांकावर अवलंबून असतो. साहाय्यक चालीचा परिणाम बहुधा तसा नसतो. इंटिमिडेट असलेला प्राणी मैदानात उतरताच समोरच्या दोन्ही प्राण्यांचा शारीरिक प्रहार एका पायरीने घटतो. उतरणाऱ्याचा स्वतःचा प्रहार दहा आहे की शंभर, याच्याशी त्याचा संबंध नाही. 'फेक आऊट' ही चाल समोरच्या एका प्राण्याला दचकवून त्याची त्या फेरीतील कृती रद्द करते. येथेही झालेली इजा गौण आणि दचकणे मुख्य असते. म्हणजे गुणांक हे प्रहारकाचे भांडवल आहे. साहाय्यकाला त्यांतून फक्त टिकून राहण्यापुरता बचाव लागतो.

एवढेच नव्हे, तर जो गुणांक प्रहारकाच्या बाबतीत दोष ठरतो, तोच साहाय्यकाच्या बाबतीत गुण ठरू शकतो. इन्सिनरोअरचा वेग ६० म्हणजे कमी. परंतु 'पार्टिंग शॉट' ही चाल (समोरच्या एका प्राण्याचे दोन्ही प्रकारचे प्रहार एका पायरीने घटवून स्वतः मैदानातून निघून जाणे) जितकी उशिरा होईल तितकी चांगली. प्रतिस्पर्ध्यांचे प्रहार आधी होऊन जातात, ते इन्सिनरोअर अंगावर झेलतो आणि मग त्याच्या जागी येणारा नाजूक जोडीदार विनाखरचटा मैदानात उतरतो. याउलट, दोन्ही संघांत इन्सिनरोअर असतील, तर अधिक वेगवान असलेल्याची फेक आऊट आधी लागते आणि तेथे संथपणा भोवतो. यास्तव 'वेग कमी' हे विधान स्तुती की निंदा, हे चालीचे आणि प्रसंगाचे नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

२. वापराची टक्केवारी : दुसरा निकष

आकड्यांची बेरीज अपुरी असल्याचे अनुभवी खेळाडू जाणतात. म्हणून त्यांनी लोकमताचा आधार घेतला. 'स्मोगॉन' या खेळाडूंच्या स्वयंसेवी समुदायाने एकेरी लढतींसाठी प्राण्यांच्या श्रेणी पाडताना वापराचे प्रमाण हा मुख्य निकष मानला आहे. त्यामागचा हिशेब सुबोध आहे. पंधरा लढती खेळणाऱ्यास एखादा प्राणी निदान एकदा भेटण्याची शक्यता पन्नास टक्के असेल, तर तो त्या श्रेणीचा मानावा. यावरून मासिक वापराची किमान मर्यादा ४.५२ टक्के येते. पूर्वी हाच हिशेब वीस लढतींवर केला जाई व मर्यादा ३.४१ टक्के येई.

ही पद्धत प्रामाणिक आहे, कारण ती 'श्रेष्ठ' असा दावा न करता 'वारंवार भेटणारा' एवढेच म्हणते. अडचण निर्माण होते ती वाचक या दोहोंत गल्लत करतो तेव्हा. वापर हा खेळाडूंच्या निर्णयांचा संचय आहे आणि त्या निर्णयांत अनुकरण, सवय व सोय यांचा वाटा असतो. साहाय्यक पात्राच्या बाबतीत तर आणखी एक भर पडते. कोणत्याही संघात सहज बसणारा साहाय्यक हा संघ बांधणाऱ्याचा विचार वाचवतो. सहावी जागा रिकामी असली की तो तेथे बसवला जातो. म्हणजे वापराच्या आकड्यात त्याचे सामर्थ्य किती आणि बांधणाऱ्याची सोय किती, हे वेगळे करता येत नाही.

उलट दिशेची चूकही तितकीच संभवते. याचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे २०१४ ची वॉशिंग्टन डी. सी. येथील जागतिक स्पर्धा. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क हा त्या वर्षीचा विजेता ठरला आणि त्याच्या संघात पाचिरिसू नावाची विद्युत्‌प्रकारातील एक खार होती. तिच्या गुणांकांची बेरीज ४०५ आणि दोन्ही प्रकारचे प्रहार प्रत्येकी ४५. वापराच्या निकषावर ती जवळजवळ अस्तित्वातच नव्हती. प्रेक्षकांनी तिला एक गंमत मानले. प्रत्यक्षात ती गंमत नव्हती, तर अचूक योजना होती.

पार्कच्या संघात गॅराडॉस हा जल व उड्डाण अशा दुहेरी प्रकारांचा प्राणी होता. त्यावर विद्युत्प्रहार चौपट लागू पडतो. पाचिरिसूची 'फॉलो मी' ही चाल प्रतिस्पर्ध्यांचे एकलक्ष्यी प्रहार स्वतःकडे वळवते आणि तिचा 'व्होल्ट ॲब्सॉर्ब' हा अंगभूत गुण विद्युत्प्रहार निष्फळ करून उलट प्राणशक्ती भरून देतो. म्हणजे गॅराडॉसवर सोडलेला घातक बाण पाचिरिसूच्या पोटी अन्न होऊन जाई. तिची 'सुपर फँग' ही चाल समोरच्याची उरलेली प्राणशक्ती निम्मी करते. तेथे प्रहाराचा गुणांक ४५ असो वा १४५, फरक पडत नाही. 'नझल' ही चाल समोरच्यास हमखास लकवा आणते. अशा रीतीने जिचे दुबळे गुणांक ज्या चालींत उपयोगासच येत नाहीत, त्याच चाली निवडल्या गेल्या होत्या. शिवाय त्या वर्षी केवळ कॅलॉस प्रदेशाच्या यादीतील प्राण्यांनाच मुभा होती. त्यामुळे इतर वर्षी उपलब्ध असणारे काही पर्याय त्या वर्षी नव्हते.

पाचिरिसूचा वापर नगण्य असूनही तिचे त्या संघातील मोल मोठे होते. मात्र ती उचलून दुसऱ्या संघात ठेवल्यास ते मोल तिच्याबरोबर जात नाही. यावरून साहाय्यकांचे दोन प्रकार मानावे लागतात : एक 'सर्वसंघोपयोगी' आणि दुसरा 'एकसंघोपयोगी'. वापराची टक्केवारी पहिल्या प्रकाराला झुकते माप देते आणि दुसऱ्या प्रकाराला मुळीच पाहू शकत नाही.

३. विजयाचे प्रमाण : तिसरा निकष

मग 'ज्याच्या संघात तो, तो किती वेळा जिंकतो' हा निकष का घेऊ नये? वरवर पाहता हा सर्वांत न्याय्य वाटतो. परंतु त्यात एक गणिती अडचण आहे आणि ती नेमकी उत्तम साहाय्यकाच्याच मुळावर येते.

समजा, एखादा साहाय्यक स्पर्धेतील निम्म्या संघांत आहे. मग तो असलेल्या संघाच्या सुमारे निम्म्या लढती त्याच साहाय्यकाच्या दुसऱ्या संघाशी होतील. अशा लढतीत एक जिंकतो, एक हरतो. प्रमाण ठरलेलेच, पन्नास टक्के. उरलेल्या निम्म्या लढतींत तो संघ साठ टक्के वेळा जिंकतो असे मानले, तरी एकूण प्रमाण पंचावन्न टक्केच दिसेल. तो सर्वच संघांत असेल, तर प्रमाण नेमके पन्नास टक्के होईल आणि आकडा त्याच्याविषयी काहीही सांगणार नाही. म्हणजे साहाय्यक जितका सर्वमान्य, तितके त्याच्या विजयाचे प्रमाण मूक. याखेरीज खेळाडूचे कौशल्य, जोडीदारांची निवड आणि दैवाचा भाग हे घटक त्या आकड्यात मिसळलेले असतात, ते वेगळेच.

वरील तिन्ही निकष टाकाऊ आहेत असे नव्हे. ते पात्राला एकटे काढून मोजतात, हा त्यांचा समान दोष आहे. साहाय्य ही मुळात दोघांमधली क्रिया आहे. मैफलीतील साथीदाराचे वादन मुख्य गायकाला वगळून ध्वनिमुद्रित करावे आणि त्यावरून त्याच्या साथीची प्रत ठरवावी, तसाच हा प्रकार होतो.

४. अष्टपैलुत्व म्हणजे सामर्थ्य काय?

इन्सिनरोअरची प्रशंसा करताना 'अष्टपैलू' हे विशेषण सरसकट वापरले जाते. तो दचकवू शकतो, धाक घालू शकतो, निघून जाऊ शकतो, भाजू शकतो, प्रतिस्पर्ध्याच्या हातची वस्तू पाडू शकतो, जोडीदाराचा प्रहार वाढवू शकतो. या विशेषणाची थोडी चिकित्सा आवश्यक आहे.

अष्टपैलुत्वच जर सामर्थ्य असते, तर स्मिअर्गल हा सर्वश्रेष्ठ साहाय्यक ठरावयास हवा होता. 'स्केच' या चालीच्या बळावर तो खेळातील जवळजवळ प्रत्येक चाल शिकू शकतो. त्याच्या गुणांकांची बेरीज अवघी २५० आहे, ही त्याची किंमत. २०१६ च्या हंगामात तो खरोखरच स्पर्धेत मोठ्या प्रमाणावर दिसला. परंतु त्यामागे मुख्यतः एकच चाल होती : समोरच्या दोघांनाही निद्रिस्त करणारी 'डार्क व्हॉइड'. पुढच्याच पिढीत निर्मात्यांनी त्या चालीची अचूकता ऐंशीवरून पन्नास टक्क्यांवर आणली आणि डार्कराय या मूळ धन्याखेरीज इतरांना ती निरुपयोगी केली. स्मिअर्गलचे इतर शेकडो चालींचे भांडार अबाधित होते, तरी तो मागे पडला. त्याचे बळ अष्टपैलुत्वात नव्हते, एका विशिष्ट शस्त्रात होते, हे यावरून सिद्ध होते.

म्हणून 'संभाव्य अष्टपैलुत्व' आणि 'प्रत्यक्ष अष्टपैलुत्व' असा भेद करणे इष्ट. शिकता येणाऱ्या चाली कितीही असोत, लढतीत चारच नेता येतात. शिल्लक चालींचा उपयोग दोनच ठिकाणी होतो. संघ बांधताना उरलेले छिद्र बुजवण्यासाठी, आणि प्रतिस्पर्ध्याला अंधारात ठेवण्यासाठी. यांपैकी दुसऱ्या उपयोगाची परीक्षा अलीकडे आपोआप झाली. २०२३ च्या हंगामापासून अधिकृत स्पर्धांत खुली संघपत्रिका आली. प्रतिस्पर्ध्याच्या सहाही प्राण्यांच्या चाली, अंगभूत गुण व वस्तू लढतीपूर्वीच दिसू लागल्या. इन्सिनरोअरचे सामर्थ्य जर 'तो काय करील याचा नेम नाही' यात असते, तर या पत्रिकेने ते हिरावले असते. प्रत्यक्षात डिसेंबर २०२३ मध्ये तो 'स्कार्लेट' व 'व्हायोलेट' या आवृत्त्यांत परतला आणि २०२४ च्या हंगामात पुन्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांत गणला गेला. सर्व पत्ते उघडे असूनही तो खेळला गेला, म्हणजे त्याचे बळ लपवाछपवीत नव्हते.

मग ते कशात आहे? एका तुलनेने हे स्पष्ट होईल. हिटमॉनटॉप या जुन्या प्राण्याजवळही इंटिमिडेट आणि फेक आऊट ही जोडी होती आणि २०१२ च्या सुमारास तो स्पर्धेत वापरात होता. त्याच्या गुणांकांची बेरीज ४५५ आणि प्राणशक्ती अवघी ५०. परंतु त्याच्याजवळ कृती करता करता मैदान सोडण्याची चाल नव्हती. इन्सिनरोअरजवळ ती होती : सातव्या पिढीत 'यू-टर्न' आणि आठव्या पिढीपासून 'पार्टिंग शॉट'. हा फरक केवळ एका चालीचा नाही. इंटिमिडेट मैदानात उतरताना लागू होतो. फेक आऊटही उतरल्यानंतरच्या पहिल्याच संधीला चालते. म्हणजे दोन्ही शस्त्रे एकदा वापरली की बोथट होतात आणि त्यांना पुन्हा धार लावण्याचा एकच मार्ग म्हणजे बाहेर जाऊन परत येणे. पार्टिंग शॉट तो मार्ग तर देतेच, शिवाय जाता जाता आणखी एक घाव घालते. उतरणे, दचकवणे, निघून जाणे आणि पुन्हा उतरणे असे हे चक्र आहे. यातील प्रत्येक भाग दुसऱ्याला पुन्हा कार्यक्षम करतो. यास 'अष्टपैलुत्व' म्हणण्यापेक्षा 'सुसंगती' म्हणणे अधिक योग्य होईल. अनेक गोष्टी येणे आणि येणाऱ्या गोष्टी एकमेकींना पूरक असणे, यांत महदंतर आहे.

या चक्राचा परिणाम आकड्यांत मांडता येतो. प्रहार एका पायरीने घटला की मूळच्या दोन तृतीयांश उरतो, दोन पायऱ्यांनी घटला की निम्मा, तीन पायऱ्यांनी घटला की दोन पंचमांश. इन्सिनरोअर एकदा उतरला, पार्टिंग शॉट देऊन गेला आणि परत उतरला, एवढ्यात मैदानातच उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याचा शारीरिक प्रहार शंभरावरून चाळिसांवर येतो. हे टाळण्यासाठी त्याला आपला प्राणी बदलावा लागतो. बदलणे म्हणजे त्या प्राण्याची एक फेरी वाया घालवणे. दोन्ही पर्यायांत लाभ इन्सिनरोअरच्या जोडीदाराचाच.

५. पर्यायी निकषांची मांडणी

वरील विवेचनावरून साहाय्यक पात्रासाठी चार निकष सुचवता येतात.

पहिला निकष विनिमयाचा. फेक आऊट वापरताना आपण आपली एक कृती खर्च करतो आणि प्रतिस्पर्ध्याची एक कृती रद्द करतो. वरवर हा व्यवहार बरोबरीचा आहे. परंतु कोणती कृती खर्चायची आणि कोणती रद्द करायची, हे दोन्ही आपण ठरवतो. आपल्या संघातील सर्वांत स्वस्त कृती देऊन प्रतिस्पर्ध्याची सर्वांत महाग कृती आपण विकत घेतो. साहाय्यकाचे सामर्थ्य म्हणजे या दोन किमतींमधील अंतर होय. या दृष्टीने पाहता इन्सिनरोअरचा स्वतःचा प्रहार मध्यम असणे ही उणीव नाही. त्यामुळे त्याची फेरी 'स्वस्त' राहते.

दुसरा निकष अवलंबनाचा. साहाय्यक काढून टाकल्यावर संघातील कोणता प्राणी आपले काम करू शकत नाही, हे पाहावे. पाचिरिसू काढली तर गॅराडॉसला विद्युत्प्रहारासमोर उभे राहणे कठीण होते. येथे अवलंबन खोल पण अरुंद आहे. इन्सिनरोअर काढला तर बहुतेक संघ चालू राहतात, पण प्रत्येक प्राणी थोडा अधिक असुरक्षित होतो. येथे अवलंबन उथळ पण विस्तृत आहे.

तिसरा निकष पर्यायाचा. तेच काम दुसरा कोण, किती कमी दर्जाने करील? इंटिमिडेट एवढेच हवे असेल तर लँडोरस आहे आणि त्याचे गुणांकही सरस आहेत. परंतु ते पूर्ण चक्र हवे असेल, तर इन्सिनरोअरला तोलामोलाचा पर्याय मिळणे अवघड. ज्याच्या जागी दुसरा सहज चालतो, त्याचे साहाय्य उपयुक्त असले तरी त्यास सामर्थ्य म्हणता येत नाही.

चौथा निकष प्रतिसादाचा. विरोधकांना, आणि प्रसंगी निर्मात्यांनाही, त्याच्यासाठी काय बदलावे लागते? 'डिफायंट' हा अंगभूत गुण असलेल्या प्राण्याचा कोणताही गुणांक प्रतिस्पर्ध्याने घटवला, तर त्याचा प्रहार दोन पायऱ्यांनी वाढतो. म्हणजे इंटिमिडेट त्याच्यावर उलटते आणि तो एका पायरीने फायद्यात राहतो. असे प्राणी संघात घेणे हा इन्सिनरोअरला दिलेला प्रतिसाद असतो. निर्मात्यांनीही इंटिमिडेटला वेळोवेळी बांध घातले आहेत. आठव्या पिढीत 'इनर फोकस', 'ओब्लिव्हियस', 'ओन टेम्पो' व 'स्क्रॅपी' या गुणांच्या प्राण्यांना इंटिमिडेटपासून अभय देण्यात आले. नवव्या पिढीत 'क्लिअर ॲम्युलेट' ही गुणांक घटू न देणारी वस्तू आली. एखाद्या गुणाविरुद्ध किती कुंपणे उभारली गेली, हे त्याच्या सामर्थ्याचे अप्रत्यक्ष पण विश्वसनीय माप होय.

६. आक्षेप आणि मर्यादा

या प्रतिपादनावर एक आक्षेप घेता येईल. मूल्य जर सर्वस्वी संबंधांतच असेल, तर 'इन्सिनरोअर समर्थ आहे' हे विधान निरर्थक ठरते. केवळ 'अमुक संघात, अमुक हंगामात समर्थ' एवढेच म्हणता येईल. हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. इन्सिनरोअरची फेक आऊट भूतप्रकारातील प्राण्यांवर मुळीच चालत नाही. सायकिक टेरेन पसरलेले असताना जमिनीवरील प्राण्यांना तिची बाधा होत नाही. आठव्या पिढीत डायनामॅक्स रूपातील महाकाय प्राणी तर दचकतच नसत. म्हणजे ज्या फेरीत प्रतिस्पर्ध्याची कृती सर्वांत महाग, त्याच फेरीत हे शस्त्र निकामी होत असे. विनिमयाच्या निकषावर त्या काळात त्याचे मोल निश्चितच घटले. जोडीचा नियम नसलेल्या एकेरी लढतींत तर समोर एकच प्राणी असतो, जोडीदार नसतो. तेथे इन्सिनरोअरला असे अढळपद कधी लाभले नाही.

तथापि, संबंधनिष्ठ मूल्य म्हणजे क्षणभंगुर मूल्य नव्हे. परिस्थिती बदलल्यावर किती मोल शिल्लक राहते, हाच सर्वसंघोपयोगी साहाय्यकाचा कस आहे. डायनामॅक्सच्या काळात फेक आऊट दुबळी झाली, तरी इंटिमिडेट आणि पार्टिंग शॉट शाबूत होत्या आणि इन्सिनरोअर खेळला जातच राहिला. डार्क व्हॉइड गेल्यावर स्मिअर्गल मात्र सावरला नाही. एका खांबावरचे छप्पर आणि तीन खांबांवरचे छप्पर यांतील हा फरक होय. याच अर्थाने, आणि केवळ याच अर्थाने, अष्टपैलुत्वाला सामर्थ्य म्हणता येईल : एक आधार निसटला तरी उभे राहण्याची क्षमता म्हणून.

निष्कर्ष

१. साहाय्यक पात्राच्या चाली बहुतांशी त्याच्या गुणांकांवर अवलंबून नसल्यामुळे गुणांकांची बेरीज हा त्याच्या सामर्थ्याचा निकष होऊ शकत नाही.

२. वापराची टक्केवारी सर्वसंघोपयोगी साहाय्यकाला झुकते माप देते आणि एकसंघोपयोगी साहाय्यकाला दृष्टीआड करते. विजयाचे प्रमाण तर साहाय्यक जितका सर्वमान्य, तितके निरुपयोगी होत जाते.

३. अष्टपैलुत्व हे स्वतः सामर्थ्य नव्हे. गुणांची परस्परसुसंगती आणि बदलत्या परिस्थितीत टिकून राहणे, या दोन अटी पूर्ण झाल्यासच त्याचे सामर्थ्यात रूपांतर होते.

४. विनिमय, अवलंबन, पर्याय आणि प्रतिसाद हे चार निकष एकत्रितपणे लावल्यास इन्सिनरोअर हा व्याप्तीने आणि पाचिरिसू ही औचित्याने श्रेष्ठ ठरते. या दोन श्रेष्ठत्वांची एका मोजपट्टीवर तुलना करण्याचा आग्रह धरू नये.

या क्रीडेच्या प्रक्षेपणात टाळी पडते ती प्रतिस्पर्धी कोसळतो त्या क्षणी. त्या क्षणापूर्वी दोन फेऱ्या कोणी कोणाचा हात धरून ठेवला होता, हे नोंदवहीत येत नाही. मोजता येते तेच महत्त्वाचे, अशी समजूत एकदा दृढ झाली की मोजता न येणारे काम करणारे हळूहळू कमी होत जातात आणि मग संघ का कोसळतो, हे कोणालाच उमगत नाही. पोकेमॉनच्या खेळाडूंनी ही समजूत अनुभवाच्या कसोटीवर ओलांडली आहे. मध्यम आकड्यांचा एक संथ प्राणी वर्षानुवर्षे संघात घेताना, त्याने किती जणांना लोळवले, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. त्याच्यामुळे इतरांना काय करता आले, एवढेच त्यांनी पाहिले. साहाय्याचे मूल्यमापन करू इच्छिणाऱ्या कोणत्याही समीक्षेने आरंभ याच प्रश्नापासून करावयास हवा.